लेझरने ऊती जोडणे आणि बंद करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे स्टेशनवरून घोडबंदर रोडकडे जाणाऱ्या रिक्षांच्या पाठीवर 'लेझर उपचार, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी' अशा जाहिराती आता इतक्या दिसतात, की नौपाड्यातील माझ्या ओपीडीत येणारे काही रुग्ण त्यांचा फोटोच मोबाइलमध्ये काढून आणतात आणि 'डॉक्टर, आमचेही असेच चिकटवून द्या' असे सांगतात. लेझरने ऊती चिकटवता येतात हे खरे आहे. पण जाहिरातीत जे असते ते बहुतेक वेळा चिकटवणे नसते. त्यावरून होणाऱ्या चर्चेत पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

लेझरने ऊती जोडतात, म्हणजे नेमके काय होते?

त्वचा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, आतडे, मूत्रमार्ग या सर्वांना बळकटी देणारे मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याचा रेणू तीन पदरांच्या वेणीसारखा असतो आणि तापमान साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की ही वेणी सुटू लागते. जखमेच्या दोन कडा एकमेकींना नीट टेकवून त्या रेषेवर लेझरचा प्रकाश सोडला, तर तेथील पाणी किंवा रंगद्रव्य तो प्रकाश शोषून तापते, दोन्ही कडांमधील कोलॅजेनचे पदर मोकळे होतात, एकमेकांत मिसळतात आणि निवताना तसेच गुंतून बसतात. सुई नाही, दोरा नाही; शरीराचेच प्रथिन डिंकाचे काम करते.

ज्यांच्या घरी पायाचे सूप होते त्यांना हे लवकर पटते. बोकडाचे पाय बराच वेळ उकळल्यावर त्यांतील कोलॅजेन पाण्यात उतरते, आणि उरलेले सूप रात्री फ्रिजमध्ये ठेवले तर सकाळी ते इतके थिजलेले असते की पातेले कलंडले तरी सांडत नाही. तुलना मात्र येथेच थांबवावी लागते, कारण सुपात कोलॅजेनचे पूर्ण जिलेटिन होते, तर शस्त्रक्रियेत ते काही सेकंदांपुरते आणि अगदी पातळ थरातच सैल करायचे असते.

जाहिरातीतील लेझर हेच काम करते का?

सहसा नाही. शस्त्रक्रियेत लेझर चार वेगवेगळी कामे करते आणि बोलताना ती सगळी एकाच शब्दात कोंबली जातात. पहिले काम कापण्याचे. दुसरे, नळीसारखी एखादी पोकळी आतून भाजून कायमची बंद करण्याचे. व्हेरिकोज व्हेन्स (पायांतील फुगलेल्या शिरा) आणि भगंदर (गुदद्वाराजवळ तयार झालेली नळी) यांच्या उपचारांत हेच होते. तिसरे, मुद्दाम बारीक भाजून तेथे व्रण तयार करणे आणि त्या व्रणाने दोन थर एकमेकांना चिकटू देणे. डोळ्याच्या पडद्याला लेझर करतात ते असे. चौथे म्हणजे वर सांगितलेले खरेखुरे जोडकाम, ज्यात नळीचे तोंड नळीला जोडायचे असते आणि आतला मार्ग उघडाच ठेवायचा असतो.

पहिली तीन कामे ठाणे आणि नवी मुंबईत रोज होतात. चौथे जगभरातच मुख्यतः प्रयोगशाळांत आणि निवडक रुग्णांवरील चाचण्यांत राहिले आहे. 'बंद करणे' आणि 'जोडणे' यांतला हा फरक एकदा लक्षात आला की पुढची निम्मी उत्तरे आपोआप सापडतात.

टाक्यांत असे काय वाईट आहे की त्यांना पर्याय शोधावा?

बहुतेक ठिकाणी काहीच वाईट नाही, आणि टाके घालणारा माणूस म्हणून हे मी थोड्या अभिमानानेच लिहीत आहे. मात्र प्रत्येक टाका ऊतीला दोन भोके पाडतो आणि दोऱ्याच्या रूपाने एक परकी वस्तू आत ठेवतो. दोन मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिनीत त्या दोऱ्याभोवती गुठळी धरू शकते, मूत्रमार्गात टाक्याच्या भोकातून लघवी झिरपू शकते. पारपटल, म्हणजे बुबुळासमोरची पारदर्शक काच, बदलताना तर केसाहून बारीक नायलॉनचे अनेक टाके गोलाकार घालावे लागतात. ते कधीकधी वर्षभर ठेवले जातात आणि त्यांचा ताण सगळीकडे सारखा नसेल तर काच वाकून दृष्टी धूसर होते. अशा नाजूक जागांसाठीच लेझर जोडकामाचा विचार सुरू झाला. पोटावरील किंवा मांडीवरील साध्या जखमेसाठी त्याची गरज कोणालाच वाटलेली नाही.

त्यासाठी कोणते लेझर वापरतात?

ते प्रकाशाच्या तरंगलांबीवर ठरते, कारण कोणती तरंगलांबी ऊतीत किती खोल जाईल हे तिला तेथे कोण शोषून घेतो यावर अवलंबून असते. कार्बन डायऑक्साइड लेझरचा 10,600 नॅनोमीटरचा प्रकाश पाणी लगेच शोषते, त्यामुळे तो मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या भागापर्यंत पोहोचतो. पातळ भिंतीच्या नळ्यांना तो सोयीचा. निओडिमियम-याग लेझरचा 1064 नॅनोमीटरचा प्रकाश काही मिलिमीटर आत शिरतो, म्हणून जाड ऊती तापवायला बरा, पण आजूबाजूचे भाजण्याची भीतीही तितकीच मोठी. तिसरा प्रकार डायोड लेझरचा. ते आकाराने लहान असतात आणि त्यांचा प्रकाश बारीक काचतंतूतून नेता येतो, त्यामुळे आजच्या ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, बहुधा तेच दिसतात.

यातील कार्बन डायऑक्साइड लेझरशी आपले एक जवळचे नाते आहे. 1964 साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ते बनवणारे कुमार पटेल यांचा जन्म 1938 मध्ये बारामतीत झाला आणि ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले. कान-नाक-घशाच्या आणि त्वचेच्या शस्त्रक्रियांत हे लेझर अजूनही वापरले जाते.

लेझर 'सोल्डर' म्हणजे काय? शरीरात धातू घालतात का?

धातूचा काहीही संबंध नाही. रेडिओ दुरुस्त करणारा जसा दोन तारांमध्ये कथिलाचा थेंब वितळवतो, तसा येथे दोन कडांमध्ये अल्ब्युमिन या प्रथिनाचा दाट द्राव लावतात आणि लेझरने तो घट्ट करतात. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर पडताच पारदर्शकाचा पांढरा होतो, तोच हा बदल. निव्वळ कडा तापवून केलेल्या जोडापेक्षा असा जोड सुरुवातीच्या काळात मजबूत ठरतो आणि कडांमधील बारीकसारीक फटीही भरल्या जातात.

द्रावात बहुधा इंडोसायनिन ग्रीन हे हिरवे रंगद्रव्य मिसळतात. ते साधारण 800 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जोरात शोषते, तर शेजारची ऊती तो फारसा शोषत नाही. त्यामुळे जेथे हिरवा रंग लागला तेथेच उष्णता तयार होते. हे रंगद्रव्य डोळ्यांच्या आणि यकृताच्या तपासण्यांत अनेक दशके वापरात आहे. त्यात थोडे आयोडीन असते, म्हणून आयोडीनची अॅलर्जी असल्यास आधी सांगणे आवश्यक आहे.

उष्णता न देता जोडता येते का?

येते. 'रोझ बेंगॉल' नावाचा गुलाबी रंग कडांना लावून त्यावर हिरवा प्रकाश टाकला, तर रासायनिक क्रियेने दोन्ही बाजूंच्या कोलॅजेनमध्ये बंध तयार होतात आणि ऊती तापत नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आयरीन कोचेव्हार आणि रॉबर्ट रेडमंड यांनी या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले आहे. उष्णता सहन न होणाऱ्या मज्जातंतूंसाठी मला ही वाट अधिक आश्वासक वाटते; प्रकाश फार खोल पोहोचत नाही ही तिची मर्यादा.

ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. पहिले लेझर 1960 मध्ये थिओडोर मेमन यांनी चालवून दाखवले आणि त्याच दशकात रक्तवाहिन्या लेझरने जोडण्याचे प्रयत्न सुरू झाले. 1979 मध्ये जैन आणि गोरिश यांनी निओडिमियम-याग लेझरने उंदरांच्या बारीक रक्तवाहिन्या जोडल्याचे प्रसिद्ध केले आणि या क्षेत्राला खरी गती आली. 1980 च्या दशकात अमेरिकेत रॉडनी व्हाइट यांच्या गटाने डायलिसिससाठी हातात करावी लागणारी फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांचा जोड, काही रुग्णांमध्ये आर्गॉन लेझरने जोडली. काही बालकांत लघवीचे छिद्र जन्मतःच शिश्नाच्या टोकाऐवजी खालच्या बाजूला असते. त्यांचा मूत्रमार्ग अल्ब्युमिन आणि डायोड लेझरने जोडण्याची टाक्यांशी तुलना करणारी चाचणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. इटलीतील फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी इंडोसायनिन ग्रीन आणि 810 नॅनोमीटरच्या डायोड लेझरने पारपटल जोडण्याची पद्धत प्रत्यक्ष रुग्णांवर वापरली आहे.

नेदरलँड्समधील उट्रेख्तचे मेंदूशल्यचिकित्सक कॉर्नेलिस टुलेकेन यांची पद्धत याच कथेत, पण उलट्या अंगाने येते. मेंदूच्या मोठ्या धमनीला बायपास जोडताना रक्तप्रवाह थांबवावा लागू नये म्हणून ते नवी वाहिनी आधी धमनीच्या बाहेरून टाक्यांनी शिवत आणि मग एक्सायमर लेझरने आतून भोक पाडत. म्हणजे लेझर कापायला आणि दोरा जोडायला. कोणते काम कोणाला द्यावे याचा असा विचार मला नेहमीच शहाणपणाचा वाटत आला आहे.

एवढे सगळे असूनही माझ्या शस्त्रक्रियेत टाकेच का घालणार?

कारण तापमानाची मुभा फार थोडी आहे. 60 अंशांच्या खाली जोड धरत नाही. 60 ते 80 च्या दरम्यान काम होते. त्यापुढे कोलॅजेन आकसते आणि ठिसूळ होते, 100 अंशांना पाण्याची वाफ होते, आणि आणखी वर गेल्यास ऊती काळी पडून जळते. शस्त्रक्रिया करणाऱ्याला डोळ्यांनी फक्त रंग बदललेला दिसतो आणि तोवर कधीकधी उशीर झालेला असतो. यावर उपाय म्हणून तेल अवीव विद्यापीठात अब्राहम कात्झिर यांच्या गटाने चांदीच्या क्षारांपासून असे तंतू बनवले, की एका तंतूतून लेझर जाते, दुसऱ्यातून जखमेची उष्णता मोजली जाते आणि यंत्र त्यानुसार आपली शक्ती कमीजास्त करते. कल्पना उत्तम आहे, पण ती अजून सर्वसाधारण ओटीतील उपकरण झालेली नाही.

दुसरी अडचण मी स्वतः अनुभवली आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत बकऱ्याच्या आतड्याचे दोन तुकडे जोडायला मिळाले. लेझर चालू होताच कड किंचित आकसली, तिचा गुलाबी रंग जाऊन ती गढूळ पांढरी झाली, आणि मला वाटले की काम फत्ते. मग निळा रंग मिसळलेले पाणी सिरिंजने आत सोडले. जोडाच्या एका टोकाला कडा जेमतेम अर्धा मिलिमीटर उघड्या राहिल्या होत्या. नेमकी तेथून दोऱ्यासारखी निळी धार आली. शेजारच्या टेबलावर टाके घातलेले आतडे कोरडे होते. दोरा दोन कडांना ओढून एकत्र आणतो, लेझर ओढत नाही. कडा आधीच तंतोतंत जुळलेल्या असाव्या लागतात. म्हणूनच बहुतेक प्रयोगांत तीन-चार आधाराचे टाके घालून मगच लेझर फिरवतात, आणि 'बिनटाक्याचे' हे विशेषण तेथेच गळून पडते.

राहिला खर्च. दोरा, स्टेपलर आणि ऊती चिकटवणारे वैद्यकीय गोंद आज सहज मिळतात आणि त्यांचे वागणे आम्हाला माहीत आहे.

लेझरचा जोड किती मजबूत असतो?

पहिल्या काही दिवसांत तो टाक्यांपेक्षा बहुधा कमकुवत असतो. त्यानंतर शरीर स्वतःचे नवे कोलॅजेन घालू लागते आणि फरक हळूहळू कमी होतो. कोणतीही जखम, मग ती कशानेही जोडलेली असो, मूळ त्वचेची पूर्ण ताकद परत मिळवत नाही. काही महिन्यांनी ती साधारण 80 टक्क्यांपर्यंत पोहोचते.

डोळ्याच्या पडद्याला छिद्र पडले आहे आणि लेझर करायला सांगितले आहे. हे जोडकाम आहे का?

नाही, पण लेझरने 'सील' करण्याचे सर्वांत जुने आणि भरवशाचे उदाहरण हेच आहे. जर्मन नेत्रतज्ज्ञ गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी लेझर अस्तित्वात येण्यापूर्वीच, 1940 च्या दशकात, सूर्यप्रकाश एकवटून पडदा भाजण्याचे प्रयोग केले होते. ग्रहण पाहताना डोळ्यांत झालेल्या जखमांवरून त्यांना ही कल्पना सुचली.

डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी केली जाते, बधिर करणारे थेंब टाकले जातात आणि हनुवटी यंत्राच्या टेकूवर ठेवायला सांगतात. डॉक्टर एक भिंग डोळ्याला टेकवतात. मग हिरव्या प्रकाशाचे, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे चमकारे सुरू होतात. प्रत्येक चमकाऱ्याबरोबर पायाखालच्या पॅडलचा बारीक आवाज येतो, आणि काहींना डोळ्याच्या मागे टोचल्यासारखे वाटते. पडदा स्वतः पारदर्शक असतो. प्रकाश शोषतो तो त्यामागचा काळसर रंगद्रव्याचा थर. छिद्राभोवती अशा ठिपक्यांच्या दोन-तीन रांगा पडल्या की पुढच्या काही दिवसांत तेथे व्रण धरतो आणि छिद्रातून पाणी शिरून पडदा सुटण्याचा धोका बराच कमी होतो. व्रण पक्का व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून त्या काळात डोळ्याला मार लागू न देणे महत्त्वाचे.

पडदा आधीच सुटला असेल तर नुसते लेझर पुरत नाही, शस्त्रक्रिया लागते. डोळ्यासमोर अचानक विजा चमकणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणे किंवा एका बाजूने सावली सरकणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

लॅसिकमध्ये, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेत, पारपटलाचा पापुद्रा लेझरने चिकटवतात ना?

नाही. तेथे लेझर फक्त कापते आणि आकार देते. पापुद्रा परत ठेवल्यावर तो आपोआप बसतो.

व्हेरिकोज व्हेन्समध्ये शीर 'बंद' केली तर रक्त कोठून जाते?

पायातील बरेचसे रक्त खोलवरच्या शिरांतूनच वर जाते. वरची, झडपा निकामी झालेली शीर उपयोगाऐवजी त्रासच देत असते. सोनोग्राफीत पाहत तिच्यात काचतंतू सरकवतात, शिरेभोवती बधिर करणारे पाणी टोचून बाजूच्या ऊतींना उष्णतेपासून वाचवतात आणि तंतू हळूहळू मागे ओढत शिरेची भिंत भाजतात. हल्ली त्यासाठी 1470 नॅनोमीटरचे डायोड लेझर बरेच वापरले जाते. शीर आकसते आणि काही महिन्यांत तिची दोरी होऊन जाते. मात्र खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत याची डॉपलर तपासणी (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आधी झालेली असलीच पाहिजे.

भगंदरावरील लेझर खरोखरच बिनटाक्याचे असते का?

प्रत्येक वेळी नाही. भगंदराची नळी आतून भाजून बंद करताना गुदमार्गातील आतले तोंड अनेकदा टाक्याने बंद करावे लागते. या पद्धतीचा खरा फायदा टाके नसण्यात नसून शौचावर नियंत्रण ठेवणारा स्नायू कापावा लागत नाही यात आहे, आणि जाहिरातीत नेमका तोच लिहिलेला नसतो. नळी पुन्हा उघडण्याची शक्यता उरते; फाटे असलेल्या, गुंतागुंतीच्या भगंदरात ती अधिक असते.

गरोदरपणात पोटातील बाळांवर लेझर करतात असे ऐकले. ते काय आहे?

एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांमध्ये कधीकधी वारेतील जोडलेल्या रक्तवाहिन्यांमधून एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जात राहते. एक सुकते, दुसऱ्यावर भार पडतो आणि दोघांच्याही जिवाला धोका निर्माण होतो. बारीक दुर्बीण गर्भाशयात घालून त्या जोडवाहिन्या लेझरने बंद करता येतात. अमेरिकेतील ज्युलियन डी लिया यांनी 1990 मध्ये अशा पहिल्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या, आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत, केवळ गर्भजल काढण्यापेक्षा लेझरने बाळे वाचण्याचे प्रमाण अधिक असल्याचे दिसले. साधारण सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यादरम्यान हे करतात. या सगळ्या पानावर लेझरने 'बंद करण्याचे' याहून मोठे काम मला माहीत नाही. म्हणूनच जुळ्यांची वार एक आहे की दोन, हे पहिल्या तीन महिन्यांच्या सोनोग्राफीतच विचारून घ्यावे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत शिरा सील करणारे यंत्र लेझरचे असते का?

नाही. त्यातील काही विजेवर आणि काही ध्वनिलहरींच्या कंपनांवर चालतात. तत्त्व मात्र ओळखीचे आहे: भिंती दाबून धरायच्या आणि त्यांतील कोलॅजेन तापवून एकजीव करायचे. दाब आणि उष्णता एकत्र मिळाल्यामुळेच ही यंत्रे यशस्वी झाली असे माझे मत आहे.

लेझरमुळे एक्स-रेसारखे रेडिएशन मिळते का?

नाही. येथे वापरले जाणारे दृश्य आणि अवरक्त प्रकाश एक्स-रेसारखे पेशींतील रेणूंचे आयनीकरण करत नाहीत. धोका असतो तो भाजण्याचा आणि डोळ्यांचा.

मग ओटीत सर्वांना चष्मे का लावतात?

कारण आरशासारख्या चकचकीत चिमट्यावरून परावर्तित झालेला किरणही पडदा कायमचा जाळू शकतो. चष्मा त्या विशिष्ट तरंगलांबीचाच लागतो आणि ती त्याच्या काडीवर किंवा काचेवर छापलेली असते. रुग्णाचे डोळेही झाकले जातात. शिवाय स्पिरिटयुक्त औषध त्वचेवर पूर्ण वाळेपर्यंत थांबणे, जखमेभोवती ओले टॉवेल ठेवणे, भूलतज्ज्ञाने ऑक्सिजनवर लक्ष ठेवणे आणि धूर खेचून घेणे ही कामे चुकवता येत नाहीत.

'आमच्याकडे प्रायोगिक लेझर जोडकाम करतात' असे कोणी सांगितले तर?

तसे असेल तर ती क्लिनिकल चाचणी आहे. तिला नीतिसमितीची मंजुरी लागते, तिची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत असली पाहिजे आणि ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मागावे, घरी नेऊन वाचावे. आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क आपल्याला आहे. इतर वेळी तीन गोष्टी विचाराव्यात: लेझर माझ्या शरीरात नेमके कापणार, बंद करणार की जोडणार; ते यशस्वी झाले नाही तर पुढची शस्त्रक्रिया कोणती; आणि हेच काम लेझरविना केले तर काय फरक पडेल.

उपचारांनंतर त्याच दिवशी लोकलने घरी जाता येईल का?

पडद्याच्या लेझरनंतर बाहुली काही तास मोठी राहते आणि समोरचे धूसर दिसते, त्यामुळे सोबत कोणीतरी असावे आणि स्कूटर अजिबात चालवू नये. व्हेरिकोजच्या लेझरनंतर उलट चालणे चांगले. दाबाचे मोजे घालून स्टेशनपर्यंत सावकाश चालत जाण्यास हरकत नाही. पण संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये तासभर उभे राहणे त्या पायाला मानवणार नाही, म्हणून बसायला जागा मिळण्याची खात्री नसेल तर रिक्षा करावी.